मस्टराबाहेरची बाई

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास सांगण्याची एक रीत ठरून गेली आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली, १८५६ साली ताडदेवास ती गिरणी सुरू झाली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे रविवारची सुटी मिळाली. १९२८ साली सहा महिन्यांचा संप झाला. १९८२ साली शेवटचा मोठा संप झाला आणि त्यानंतर एकेक करून भोंगे बंद पडले. हा इतिहास खरा आहे, आणि तो घडविणाऱ्यांपुढे आम्ही आजही हात जोडतो. परंतु ह्या इतिहासाचे मुख्य साधन कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर येते : गिरणीचे मस्टर. मस्टरवर ज्याचे नाव तो कामगार. तो बोलला तर ती मागणी, तो थांबला तर तो संप. ज्या माणसाचे नाव मस्टरवर नाही, त्याचे श्रम कोणत्याच वहीत उमटत नाहीत, आणि वहीत नाही म्हणून इतिहासातही नाहीत.

अशा माणसांत बहुसंख्य बायका होत्या. त्यांचा हिशेब मांडण्याचे काम आम्हा चळवळीतल्या लोकांपेक्षा गेल्या ४०-५० वर्षांतील समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक केले. शाळा लवकर सुटल्यामुळे आमचे शिक्षण कामगार वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि तिथेच ही पुस्तके हाती लागली. त्यांतले एक हेमलता दांडेकर यांचे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या इंग्रजी ग्रंथाचे नाव ‘मेन टू बॉम्बे, विमेन ॲट होम’ असे आहे. म्हणजे पुरुष मुंबईला, बाया घरी. सातारा जिल्ह्यातील सुगाव ह्या एका गावावर १९४२ ते १९८२ ह्या ४० वर्षांत शहराचा काय परिणाम झाला, याचा तो अभ्यास आहे. गिरणगावच्या प्रत्येक चाळीमागे असे एक सुगाव उभे होते. म्हणून गिरणीचा इतिहास सांगायचा तर तो गिरणीच्या फाटकाशी सुरू करून चालत नाही. तो बांधावरून सुरू करावा लागतो.

गावाकडची हजेरी

१९२१च्या शिरगणतीत मुंबईच्या दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि दर १,००० पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ५२५. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की शहराचे चित्र डोळ्यांसमोर येते. पुरुष आले, बायका आल्या नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातून सर्वांत जास्त माणसे आली. त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर ह्या घाटावरच्या मुलखातून. रत्नागिरीची माणसे आगबोटीने येत. कोकणची रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. ज्या प्रदेशाने मुंबईला सर्वांत जास्त हात दिले त्याला रूळ सर्वांत शेवटी मिळाले, हीही इतिहासाची एक तऱ्हाच.

बायका का आल्या नाहीत? ‘रूढी’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा पुरुष राहात. पाळीप्रमाणे कोणी झोपे, कोणी उठे. तिथे बिऱ्हाड मांडायला जागा नव्हती आणि एकाच्या पगारात ते चालण्यासारखेही नव्हते. दुसरीकडे गावची जमीन तुकड्यातुकड्यांची, खोताचा हिस्सा द्यायचा, आणि उरलेल्यात वर्ष निघत नाही. नुसत्या जमिनीवर घर जगत नव्हते आणि नुसत्या पगारावरही जगत नव्हते. म्हणून घर दोन ठिकाणी वाटले गेले. नवरा साच्यावर आणि बायको शेतावर.

ही वाटणी बरोबरीची होती असे कोणी समजू नये. भाजावळ, पेरणी, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, नाचणीची राखण, गुरे, सरपण, पाणी, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे, पोरांची शाळा आणि गावकीची देणीघेणी हे सारे बाईकडे. नांगराला तेवढा पुरुष लागे. त्यासाठी पैऱ्याने किंवा मजुरीने गडी बघावा लागे. मुंबईची मनीऑर्डर महिन्याला येई, कधी दोन महिन्यांनी येई, कधी येतही नसे. शेत मात्र चुकवून चालत नसे.

आता ह्या बाईच्या कष्टाचा गिरणीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पगारपत्रकाइतका सरळ आहे. कामगाराच्या पगारातून चार गोष्टी निघाव्या लागतात : त्याचे स्वतःचे पोट, आजारपण, म्हातारपण, आणि उद्याचा कामगार म्हणजे त्याची मुले. मुंबईच्या गिरणीमालकाला पहिल्या गोष्टीचाच खर्च पुरता पडला. बाकीच्या तिन्ही गोष्टी गावाने उचलल्या. पोर गावात वाढले, सोळा वर्षांचे होऊन आयते साच्यावर उभे राहिले. छातीत सूत जाऊन खोकला लागला की माणूस गावी परतला. म्हातारा झाला तरी गावीच परतला. हा सगळा जमाखर्च ज्या बाईने आपल्या अंगावर घेतला तिला गिरणीने एक पै दिली नाही, कारण ती कुठल्या खात्यात कामाला नव्हतीच.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ साली अहवाल दिला. हिंदी कामगार शहराकडे ओढला जात नाही, तर गावातून ढकलला जातो, असे त्यात म्हटले आहे. आणि गावाशी असलेला त्याचा संबंध तोडू नये, उलट जोपासावा, असाही सल्ला दिला आहे. सल्ला वरकरणी दयाळूपणाचा आहे. परंतु जोपासायचा म्हणजे कोणाच्या बळावर, हे लिहिलेले नाही. गावाशी संबंध राखणे म्हणजे गावात राबणारी बाई राखणे, आणि तिच्या जिवावर विमा आणि पेन्शन यांचा खर्च वाचविणे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तथापि ह्याच गावाने मालकाचा डावही अनेकदा उलटवला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ सालच्या आपल्या ग्रंथात एक जुना समज खोडून काढला आहे. गावाशी नाळ न तुटलेला कामगार हा अर्धाकच्चा, म्हणून लढ्याला कमकुवत, असे पूर्वी मानले जाई. चंदावरकर दाखवतात की गावचा आधार होता म्हणूनच लांबलचक संप करता आले. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. संघटनेच्या पेटीत इतक्या लोकांना सहा महिने पोसण्याइतका पैसा कुठून असणार? हजारो कामगार गावी गेले आणि घरच्या भाकरीवर राहिले. त्या पावसाळ्यात ती भाकरी ज्यांनी पिकविली आणि थापली, त्यांनीच संपाचा सर्वांत मोठा फंड उभा केला. त्याची पावती कोणी फाडली नाही.

गिरणीतली बाई गिरणीबाहेर कशी गेली

सर्वच बायका गावी राहिल्या असे मात्र नाही. विधवा, टाकलेल्या, कर्जबाजारी घरांतल्या, आणि नवऱ्यामागून बिऱ्हाड घेऊन आलेल्या बायका गिरणीत शिरल्या. रिळिंग आणि वाइंडिंग ही त्यांची खाती. वर देखरेखीला नायकीण. १८९०च्या एप्रिलमध्ये रविवारच्या सुटीसाठी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली होती. १९२८-२९च्या लढ्यांत उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी बायकांना संघटित केले. १९२०च्या आसपासच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांत एक कामगार स्त्री होती. स्वातंत्र्य आले तेव्हा हे प्रमाण नऊ-दहांत एक इतके उतरले होते, आणि पुढे उतरतच गेले.

असे का झाले? राधा कुमार यांनी १९८३ साली १९१९ ते १९३९ ह्या काळातील मुंबईच्या गिरणी स्त्रियांवर एक निबंध लिहिला आणि कुटुंब व कारखाना ह्यांचे नाते उलगडून पाहिले. तो वाचून आणि चळवळीतला अनुभव त्याला जोडून आम्हांला तीन कारणे प्रमुख वाटतात.

पहिले कारण यंत्राचे. जलद चालणारी वाइंडिंग यंत्रे आली, आणि जिथे चार बायका होत्या तिथे एक पुरेनाशी नव्हे, तर पुरून उरू लागली. ‘रॅशनलायझेशन’ हा भारदस्त शब्द प्रथम बायकांच्या खात्यांवर कोसळला.

दुसरे कारण कायद्याचे, आणि ते जरा शांतपणे समजून घेतले पाहिजे. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले आणि रात्रीच्या कामाला बंदी घातली. उद्देश संरक्षणाचा होता. पण पुढे गिरण्या दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा रात्रपाळीला न चालणारे माणूस मालकाला अडचणीचे वाटू लागले. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. देशातला तो पहिला. १९२८ साली कौन्सिलात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी असे मत मांडले होते की ह्या खर्चाचा बराच भार सरकारने उचलणे योग्य, परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो म्हणून त्यालाही जबाबदारीतून सुटता येत नाही. कायदा झाला, पण भार वाटला गेला नाही. तो एकट्या मालकावर पडला, आणि मालकाने बाईच न ठेवण्याचा मार्ग पत्करला. कायदा चांगला होता, त्याचा खर्च मात्र चुकीच्या खात्यावर पडला. हा धडा जुना झाला असे कोणी मानू नये. २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. जिथे कामगार राज्य विमा योजना आहे तिथे पैसे विम्यातून मिळतात. जिथे नाही, तिथे पुन्हा तोच भार एकट्या मालकावर आणि पुन्हा तीच पळवाट. २०२०च्या संहितेने संमतीने रात्रपाळी करण्याची वाट स्त्रियांना मोकळी केली. परंतु पहाटे घरी परतण्याची गाडी आणि घरी मागे राहिलेल्या मुलाची सोय नसेल, तर संमती ह्या शब्दाला काय किंमत?

तिसरे कारण विचाराचे. कर्ता पुरुष कुटुंब पोसतो आणि बाईची कमाई ही वरकमाई, ही कल्पना मालकांची होती, सरकारची होती, आणि संघटनांच्या मागण्यांतही ती होती. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेचा ठराव आपण कामगार चळवळीचा मोठा विजय मानतो, आणि तो आहेही. किमान वेतन गरजेवर बेतावे, असे त्यात प्रथमच स्पष्ट मान्य झाले. पण त्याचे गणित पाहा. एका मिळवत्यामागे कुटुंब तीन घटकांचे : पुरुषाचा १, बायकोचा ०.८, दोन मुलांचे मिळून १.२. आणि शेवटी अट अशी की स्त्रिया व मुले यांची कमाई हिशेबात धरू नये. अट घालण्यामागचा हेतू रास्त होता. बायको कमावते म्हणून मालकाने नवऱ्याचा पगार कापू नये. परंतु त्याच ओळीत बाई ही खाणारी ठरली, मिळवणारी ठरली नाही. तिचे पोट पुरुषाच्या पोटाहून एक पंचमांश लहान धरले गेले. भातलावणीला दिवसभर ओणवे राहणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, तर हा आकडा टिकला नसता.

खाणावळवाली

गिरणगावात आणखी एक बाई होती. ती गावी राहिली नव्हती आणि गिरणीतही नव्हती. घरदार गावी ठेवून आलेल्या पुरुषांना दोन वेळचे जेवण कोणीतरी द्यायलाच हवे होते. ते काम खाणावळवालीने केले. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह पेटवून पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक, पाळीप्रमाणे ताटे, पाळीप्रमाणे डबे. पहाटे उठायचे आणि रात्रपाळीचा डबा भरून झोपायचे. पैसे महिन्याला, पगार झाला म्हणजे. तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर. म्हणजे हजारो कामगारांना दर महिन्याला बिनव्याजी कर्ज देणारी ही एक पतपेढी होती. तिच्यावर पाटी तेवढी नव्हती.

संप झाला की हे कर्ज फुगे. जेवणारा म्हणे, ‘मावशी, संप मिटला की देतो,’ आणि मावशी ताट वाढी. तिने सावकाराकडून किती टक्क्यांनी पैसे उचलले, हे तिचे तिलाच ठाऊक. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७३-७४च्या संपानंतर ही अवस्था ओळखली आणि १९७५ साली मूठभर खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज अशा बायकांना प्रथम मिळाले, आणि त्यांनी ते फेडूनही दाखविले. खाणावळवाली ही कामगार आहे, असे म्हणणारी ही संघटना गिरणी सुरू झाल्यापासून जवळजवळ १२० वर्षांनी निघाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो रीतसर मिटलाच नाही. माणसे गावी पांगली, त्यांची थकबाकी खाणावळवाल्यांच्या वहीत राहिली. घराघरांतून मंगळसूत्रे मोडली गेली. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर कामाला गेल्या नव्हत्या त्या धुणीभांडी, पोळ्या, पापड, शिवण अशा कामांना लागल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली म्हणून घर बंद पडले नाही, ते ह्या बायकांमुळे. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि कामगारांना घरे द्यायची ठरली. पात्रतेची कसोटी काय? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असल्याचा पुरावा. म्हणजे पुन्हा मस्टर. गिरणी कामगाराचा हक्क न्याय्यच आहे आणि तो अजून पुरता पदरात पडलेला नाही, ह्याबद्दल आमचे दुमत नाही. पण वीस-वीस वर्षे त्याचे ताट वाढणाऱ्या बाईचा सोडतीच्या चिठ्ठीत कुठेच उल्लेख नसावा, ही गोष्ट साधी नव्हे.

एक कोयता, दोन माणसे

गिरण्या गेल्या, तेव्हा हा सारा हिशेब जुना झाला, असे वाटणे साहजिक आहे. तसे झालेले नाही. आजही दर दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. ह्यांची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. त्याआधी पहाटे भाकऱ्या तिच्या, त्यानंतर पालावरचे पाणी आणि पोर तिचे. उचल ठरते कोयत्याची, मजुरी ठरते टनाची, आणि अंगठा होतो पुरुषाचा. आम्ही एका टोळीच्या मुकादमाची वही पाहिली आहे. वीस कोयत्यांची टोळी, वहीत वीस नावे, सगळी पुरुषांची. फडावर आम्ही मोजली तेव्हा माणसे चाळीस भरली. गिरणीमालकाने बाई गावी ठेवून तिचे श्रम फुकट घेतले; येथे ती शेजारी उभी आहे, तरी वहीत नाही.

त्याची किंमत ती शरीराने देते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग दुखणे अंगावर काढले जाते. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील पाहणीचे आकडे आले : ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. सहा जणींत एक. हा आकडा वाचून सभागृहात शांतता पसरते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. परंतु शांततेने वही बदलत नाही.

सरकारी आकडेवारीही ह्या वहीसारखीच वागते. २०२०-२१च्या केंद्रीय श्रमबळ पाहणीत देशातील ४७.९ टक्के स्त्रिया आणि १०.७ टक्के पुरुष स्थलांतरित ठरले. आणि त्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींच्या स्थलांतराचे कारण ‘विवाह’ असे नोंदले गेले. दिल्लीच्या स्त्री-विकास अध्ययन केंद्रातील इंद्राणी मजुमदार, एन. नीता आणि इंदू अग्निहोत्री ह्यांनी २०१३ साली अशा आकडेवारीची परीक्षा केली. मुख्य कारण एकच विचारायचे अशी रीत असली की बाईच्या नावापुढे लग्न लिहिले जाते आणि लग्नानंतर ती जन्मभर करीत असलेले काम त्या एका शब्दाखाली झाकले जाते. शिवाय सहा महिने घर सोडून जाणारी आणि परत येणारी ऊसतोड बाई अशा मोजणीत नीट सापडतच नाही. पुरुष गेला तर तो कामासाठी गेला, बाई गेली तर ती नवऱ्यामागे गेली. १९२१च्या शिरगणतीपासून आजच्या पाहणीपर्यंत समजूत हीच.

संशोधन हे विद्यापीठापुरते असते, कामगाराला त्याचा काय उपयोग, असे आम्हांला चळवळीत पुष्कळदा ऐकावे लागते. उपयोग हा, की काय मागायचे ते त्यातून कळते. मागण्या फार मोठ्या नाहीत. उचलीच्या करारावर नवरा आणि बायको दोघांची नावे असावीत आणि मजुरीचे दोन वाटे दोघांच्या वेगळ्या खात्यांवर जमा व्हावेत. प्रसूतीचा खर्च एकट्या मालकावर न टाकता सर्व मालक आणि सरकार यांच्या सामाईक निधीतून व्हावा, म्हणजे बाई ठेवण्यात कोणाचा तोटा उरणार नाही. पाहणी करणाऱ्याने ‘का आलात’ ह्याबरोबर ‘आल्यावर काय काम करता’ हेही प्रत्येक बाईला विचारावे, आणि उत्तर तिच्याकडूनच घ्यावे. घरांच्या, विम्याच्या, पेन्शनच्या यादीत मस्टरखेरीज दुसरा पुरावाही चालावा. खाणावळीची जुनी वही हा पुरावा का होऊ नये?

गिरणगावच्या इतिहासात अजून पुष्कळ भर पडायची आहे. कागदपत्रे पडताळली जातील, संपांच्या तारखा तपासल्या जातील, आणि ते व्हायलाच हवे. पण ज्यांच्या घरी मुंबईची मनीऑर्डर येत असे, किंवा ज्यांच्या घरी गिरणीचे डबे भरले जात असत, अशी घरे ह्या गावातही आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजून हयात आहेत, त्यांना सारे आठवते आहे, आणि त्यांच्याकडे वही घेऊन फारसे कोणी गेलेले नाही. ते काम विद्वानांचीच वाट पाहात थांबावे असे नाही. लिहितावाचता येणाऱ्या कोणीही ते ह्या उन्हाळ्यात हाती घेण्यासारखे आहे.